सिडनी-मेलबर्नहून बर्फाच्या डोंगरात : पहिली सहल खिशाला झेपेल अशी कशी आखावी

सिडनीत आलो त्याच वर्षी जूनच्या लाँग वीकेंडला आम्ही स्नो बघायला निघालो. इथला स्की सीझन त्याच शनिवार-रविवारी सुरू होतो, तेव्हा बर्फ असणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. डोंगराच्या पायथ्याचं जिंडाबाइन गाव मागे पडलं आणि चढ लागला. दोन्ही बाजूंना पिवळं गवत. वर पोचलो तर उतारावर यंत्राने पाडलेल्या बर्फाचा एक अरुंद पट्टा, आणि त्यावर रांगेने घसरणारी माणसं. मुलगी पाच वर्षांची होती. "बाबा, आपण यायच्या आधीच वितळला का?" असं तिने विचारलं ते मला अजून आठवतं. त्या तीन दिवसांत आम्ही जेवढं भाडं भरलं, तेवढ्या पैशांत पुढे ऑगस्टच्या अखेरीस आमच्या दोन सहली झाल्या.

त्यानंतर जवळपास दर हिवाळ्यात जातो. पुण्या-नाशिकहून नव्याने आलेली कुटुंबं विचारतात, तेव्हा सांगताना ज्या गोष्टी पुन्हापुन्हा येतात त्या इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी : बर्फात खेळायचं आहे की स्की शिकायचं आहे?

सगळा खर्च या एका प्रश्नावर ठरतो. नव्याने आलेले बहुतेक जण मोठ्या स्की रिसॉर्टचं नाव ऐकतात, थेट तिथलंच बुकिंग करतात आणि मग लिफ्ट पासचे, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांच्या तिकिटाचे, आकडे पाहून हबकतात. मोठ्या रिसॉर्टमध्ये ऐन सीझनला प्रौढ माणसाचा एका दिवसाचा लिफ्ट पास २०० डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. त्यात बूट, स्की, कपडे, शिकवणी धरा. चौघांचं कुटुंब असेल तर एका दिवसाचा हिशेब हजाराच्या पुढे जायला वेळ लागत नाही.

पण आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहणाऱ्या माणसाला खरं तर काय हवं असतं? बर्फ हातात घ्यायचा असतो, गोळे करून मारायचे असतात, घसरगाडीवरून म्हणजे टोबोगनवरून खाली यायचं असतं, फोटो काढून आईला पाठवायचे असतात. याला लिफ्ट पास लागत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : पहिली सहल बर्फात खेळण्याची करा. स्कीची ओढ लागली तर पुढच्या वर्षी त्यासाठी वेगळे पैसे बाजूला काढा. दोन्ही एकाच सहलीत कोंबलं की दोन्ही अर्धवट होतं.

दुसरी पायरी : तारीख

सीझन कागदावर जूनच्या दुसऱ्या सोमवारच्या लाँग वीकेंडपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. डोंगराचं वेळापत्रक वेगळं. पेरिशर आणि शार्लट पास या सिडनीकडच्या दोन स्की रिसॉर्टांच्या मध्ये स्पेन्सर्स क्रीक म्हणून एक जागा आहे, साधारण १८३० मीटर उंचीवर. स्नोई हायड्रो ही जलविद्युत कंपनी १९५४ पासून तिथे बर्फाची खोली मोजते आहे. तिच्या आलेखांचे आकडे इंटरनेटवर सहज मिळतात, आणि बुकिंग करण्याआधी ते एकदा पाहाच. एखादं वर्ष आगेमागे होतं, पण रेघ साधारण सारखीच दिसते : जूनमध्ये जमिनीलगत, जुलैभर चढत जाते, ऑगस्टच्या उत्तरार्धात शिखर गाठते आणि सप्टेंबरमध्ये उतरते. १९८१ साली तिथे ३६१ सेंटिमीटर बर्फ मोजला गेला होता, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वरच्याचं डोकं बुडेल इतका. आता तशी वर्षं येत नाहीत.

आता शाळांच्या सुट्ट्या पाहा. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या हिवाळी सुट्ट्या जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत येतात. म्हणजे बर्फ अजून भरत असतो तेव्हा भाडी सगळ्यात वर, आणि बर्फ भरपूर असतो तेव्हा भाडी खाली येऊ लागतात. ऑगस्टचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबरचा पहिला, आणि त्यातही सोमवार ते गुरुवार, हा माझ्या मते सगळ्यात किफायतशीर काळ. मुलांची शाळा दोन दिवस बुडेल. पहिलीतल्या मुलाचे दोन दिवस बुडाले तर काही बिघडत नाही, दहावी-अकरावीच्या मुलांबाबत मात्र तुमचं तुम्ही ठरवा. सप्टेंबरमध्ये ऊन चांगलं पडतं, थंडी सोसवते. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर हाच काळ घ्या. दुपारनंतर बर्फ भिजून जड होतो, म्हणून तेव्हा खेळणं सकाळी उरकायचं.

तिसरी पायरी : कुठे?

मेलबर्नकर या बाबतीत नशीबवान. लेक माउंटन मेरीझव्हिलच्या वर, शहरापासून सुमारे दोन तासांवर आहे. तिथे उतारावरच्या स्कीच्या लिफ्ट नाहीतच. टोबोगनचे आखलेले उतार आणि सपाटीवर चालत करायच्या स्कीच्या वाटा आहेत. लहान मुलं असतील तर याहून सोयीचं ठिकाण नाही, सकाळी निघून रात्री घरी येता येतं. वॉरबर्टनच्या वरचं माउंट डोना बुआंग आणखी जवळ आणि तिथे रिसॉर्टची प्रवेश फी नाही, पण उंची फक्त १२५० मीटर. बर्फ पडला की तीन-चार दिवसांत गेलेला असतो, त्यामुळे अंदाज पाहून आदल्या रात्री ठरवायचं ठिकाण आहे ते. ब्राइट गावात दोन-तीन दिवस राहणार असाल तर माउंट बफेलोवर डिंगो डेलला मुलांना मनसोक्त खेळता येतं, आणि व्हिक्टोरियातल्या राष्ट्रीय उद्यानांना प्रवेश फी नसते. बुलर, फॉल्स क्रीक, हॉथम ही मोठी स्की रिसॉर्ट. तिथे गाडीमागे प्रवेश फी असते. ती डोंगराप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलते, आगाऊ ऑनलाइन भरावी.

कॅनबेरात राहणाऱ्यांसाठी कोरिन फॉरेस्ट आहे, शहरापासून पाऊण तासावर. तिथला बर्फ बराचसा यंत्राचा. तीन वर्षांच्या पोराला तो फरक कळत नाही.

सिडनीहून गोष्ट वेगळी आहे. जिंडाबाइन ४६० किलोमीटर, मुलांसह थांबत गेलं की सहा-सात तास. एका दिवसात जाऊन येण्याच्या फंदात पडू नका, रात्री झोपाळलेल्या डोळ्यांनी परतीची गाडी चालवावी लागते. दोन मुक्काम धराच.

न्यू साउथ वेल्समध्ये नवख्या कुटुंबाला मी सेल्विनचं नाव सुचवतो. जानेवारी २०२० च्या वणव्यात हे छोटं रिसॉर्ट पूर्ण जळून गेलं होतं, नवं बांधून २०२३ च्या हिवाळ्यात पुन्हा उघडलं. उतार सौम्य, टोबोगन आणि ट्यूबिंगसाठी (फुगवलेल्या रबरी ट्यूबवर बसून घसरण्यासाठी) वेगळी जागा, आणि तिकिटं मोठ्या रिसॉर्टांपेक्षा बरीच कमी. उंची कमी असल्यामुळे इथे बर्फ उशिरा येतो आणि लवकर जातो, एवढं लक्षात ठेवायचं. जवळच कायंड्रा हे ओसाड गाव लागतं. १८५९-६० मध्ये तिथे सोन्यासाठी झुंबड उडाली होती; हिवाळ्यात खाणीचं काम अडलं की नॉर्वेहून आलेले खाणकामगार कुंपणाच्या फळ्या पायाला बांधून घसरत. ऑस्ट्रेलियातलं स्कीइंग तिथे सुरू झालं.

थ्रेडबो आणि पेरिशर हे दोन मोठे डोंगर कॉझिऑस्को राष्ट्रीय उद्यानात येतात. हिवाळ्यात उद्यानाची फी गाडीमागे दिवसाला २९ डॉलर राहिली आहे; निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. थ्रेडबोला स्की न करणाऱ्यांना गोंडोल्याने, म्हणजे तारेवरच्या बंद पाळण्याने, वर जाऊन येता येतं. पेरिशरला जायचं तर मला स्वतःला स्कीट्यूब आवडते. बुलक्स फ्लॅटला गाडी लावायची आणि बोगद्यातून डोंगराच्या पोटात शिरणाऱ्या रेल्वेत बसायचं. उटीच्या गाडीसारखा मधे दातेरी रूळ आहे, म्हणून ती एवढा चढ चढते. तिकीट स्वस्त नाही, पण चाकांना बांधायच्या चेन लागत नाहीत, उद्यानाची फी लागत नाही, आणि बर्फाच्या रस्त्यावर गाडी चालवण्याची धास्ती नाही. माझ्या सत्तरीच्या आईला आम्ही असंच नेलं. उबदार डब्यातून ती थेट पेरिशरच्या स्टेशनात उतरली, काचेबाहेर सगळं पांढरं. बराच वेळ ती बोललीच नाही.

चौथी पायरी : मुक्काम डोंगराखाली

डोंगरावरची खोली आणि खालच्या गावातली खोली यांच्या भाड्यात दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. जिंडाबाइन तळ्याकाठचं गाव आहे, तिथून दोन्ही रिसॉर्ट अर्ध्या-पाऊण तासावर आणि शटल बसही मिळते. त्याहून स्वस्त हवं तर बेरिडेल किंवा कूमा. कूमा जिंडाबाइनच्या अलीकडे ६० किलोमीटरवर आहे, साधी मोटेलं, मोठं सुपरमार्केट, पेट्रोलही तुलनेने बरं. सेल्विनला जाणाऱ्यांना कूमा किंवा अ‍ॅडमिनाबी सोयीचं.

आणखी एक वाट फार जणांना ठाऊक नसते. पेरिशर, थ्रेडबो, फॉल्स क्रीक, हॉथम इथे जुन्या स्की क्लबांचे लॉज आहेत. सभासदांसाठी बांधलेले, पण मधल्या वारी रिकाम्या खोल्या बाहेरच्यांना देतात. सामाईक स्वयंपाकघर, सामाईक बैठक, आपली भांडी आपण घासायची. थ्रेडबोला वायएचएचंही वसतिगृह आहे. दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असाल तर स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, खर्च वाटला जातो आणि संध्याकाळही मजेत जाते.

जिंडाबाइनच्या तळ्याबद्दल एक सांगायला हवं. स्नोई नदीवर धरण बांधलं तेव्हा १९६० च्या दशकात जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसांना वर नव्या गावात हलवलं. उजनीत बुडालेलं पळसदेवचं मंदिर पाहिलेल्या माणसाला त्या काठावर उभं राहिल्यावर वेगळं वाटतं.

पाचवी पायरी : गाडी आणि चेन

इथे घाई करू नका, कारण जिवाशी संबंध आहे.

गाडी भाड्याची असेल तर आधी करार वाचा. पुष्कळ कंपन्यांचा विमा बर्फाच्या रस्त्यावर लागू होत नाही, किंवा बर्फरेषेच्या वर गाडी न्यायलाच मनाई असते. फोनवर विचारून भागत नाही, लेखी उत्तर घ्या. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गाडी घसरून कठड्याला लागली आणि दुरुस्तीचा सगळा भार त्यांच्यावर आला. अट करारात छापलेली होती. अशा वेळी जिंडाबाइनपर्यंतच गाडी न्यायची आणि पुढे शटल किंवा स्कीट्यूब. विद्यार्थी असाल आणि गाडीच नसेल तर कॅनबेरा, सिडनी, मेलबर्नहून सीझनमध्ये बस सुटतात.

न्यू साउथ वेल्समध्ये टू-व्हील ड्राइव्ह गाडीत ठरलेल्या रस्त्यांवर चेन बाळगणं सक्तीचं आहे, रस्ता कोरडा असला तरी. व्हिक्टोरियाच्या अल्पाइन रिसॉर्टांत फोर-व्हील ड्राइव्हलाही सूट नाही. चेन जिंडाबाइन, कूमा, मॅन्सफिल्ड, ब्राइट अशा गावांत भाड्याने मिळतात. टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा फोटो काढून न्या. दुकानातल्या माणसाला चेन कशी लावायची ते दाखवायला सांगा आणि तिथेच एकदा स्वतःच्या हाताने लावून पाहा. अंधारात, उणे तापमानात, वाऱ्यात पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नव्हे. जवळ भांडी घासायचे रबरी हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायला जुनं बस्कर आणि बॅटरी ठेवा. चेन इंजिनाची ताकद जाणाऱ्या चाकांना लावायची, छोट्या गाड्यांत ती बहुधा पुढची असतात. "चेन लावा" अशी पाटी दिसली की आखून दिलेल्या जागेतच थांबायचं. लावल्यावर शंभर-दोनशे मीटर जाऊन पुन्हा घट्ट करायच्या आणि वेग ४० च्या आत ठेवायचा.

डिझेल गाडीवाल्यांनी टाकी सिडनीत भरून न्यायची नाही. थंडीत साधं डिझेल मेणासारखं घट्ट होतं आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. अर्धी टाकी रिकामी ठेवून कूमा किंवा जिंडाबाइनला अल्पाइन डिझेल भरा. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. गाडी सपाटीवर, गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर बर्फ साचला असेल तर कढत पाणी ओतू नका, तडा जातो. जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडा.

आणि तिन्हीसांजेला कांगारू. कूमाच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर संध्याकाळी ते अचानक समोर येतात. शक्य असेल तर उजेडातच पोचा.

सहावी पायरी : कपडे

जीन्स नको. सुती कपडा एकदा भिजला की वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतो. आत अंगाला चिकटणारे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सगळ्यात बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. आजीने विणलेला लोकरी स्वेटर माळ्यावर पडला असेल तर तोच मधला थर.

थर्मल, मोजे, हातमोजे, कानटोपी विकत घ्या, ते सिडनीच्या थंडीतही लागतात. जॅकेट-पँट पहिल्या वर्षी भाड्याने किंवा उसनी. दर वर्षी मे महिन्यात आल्डीच्या दुकानांत बर्फाच्या कपड्यांचा सेल लागतो, सकाळी दार उघडण्याआधी रांग असते. मुलांचे कपडे तिथून घेतले तर एक माप मोठं घ्या, दोन हिवाळे निघतात. व्हिनीज, सॅल्व्होज यांसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतही चांगली जॅकेटं सापडतात. हातमोज्यांत मात्र काटकसर करू नका. पाणी शिरणारे हातमोजे घातलेलं मूल वीस मिनिटांत रडायला लागतं आणि तुमचा दिवस तिथेच संपतो. मुलांसाठी दुसरा जोड सोबत असू द्या. पायांत गमबूट चालतात, आत जाड लोकरी मोजे.

गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका. ताज्या बर्फावरून अतिनील किरणं मोठ्या प्रमाणात परततात, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांशी त्वचा भाजते. आमचा सावळा रंग आहे, आम्हाला काय होणार, असं म्हणणारे संध्याकाळी चेहरा धरून बसलेले मी पाहिले आहेत.

सातवी पायरी : डबा

डोंगरावरचं खाणं महाग, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुधा बटाट्याच्या फोडीच येतात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, गूळपोळी, आणि मोठ्या थर्मासमध्ये आल्याचा चहा. थंडीत भूक दुप्पट लागते, तेव्हा नेहमीच्या अंदाजाने डबा भरू नका. रात्री मुक्कामी मुगाची खिचडी. छोटा कुकर आणि तुपाची बाटली गाडीत ठेवली की झालं.

स्की शिकायचीच असेल तर

पहिल्याच दिवशी संपूर्ण डोंगराचा पास घेऊ नका. नवशिक्यांसाठी शिकवणी, स्की-बूट आणि फक्त सोप्या उताराचा पास असं एकत्र पॅकेज मिळतं. थ्रेडबोचं फ्रायडे फ्लॅट, बुलरची बर्क स्ट्रीट हे त्यासाठीचेच उतार. गटातली शिकवणी पुरते. नवरा-बायको किंवा मित्र शिकवतो म्हणाला तरी पहिला तास प्रशिक्षकाकडूनच घ्या, पडायचं कसं आणि थांबायचं कसं हे नीट कळायला हवं. सामान जिंडाबाइनला आदल्या संध्याकाळी भाड्याने घेतलं तर सकाळची रांग चुकते. बुटात एकच मोजा घाला, दोन घातले तर पाय आत सरकतो आणि दुखतो. हेल्मेट न घेता उतारावर जाऊ नका.

दोन वर्षांत ओढ लागलीच आणि सीझनला चार-पाच दिवस जायचं ठरलं, तर सीझन पासचा विचार करा. तो हिवाळ्याच्या आधीच स्वस्तात मिळतो. पेरिशर, फॉल्स क्रीक आणि हॉथम एकाच कंपनीचे असल्याने तिन्हींवर एकच पास चालतो.

निघण्याआधी

अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, देत नाही. डोंगरातून हेलिकॉप्टरने न्यावं लागलं तर बिल हजारोंत जातं. खासगी विमा असेल तर त्यात अ‍ॅम्ब्युलन्स आहे का ते पाहा, नसेल तर वेगळं कव्हर थोड्या पैशांत मिळतं. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या प्रवासी विम्यात बर्फातले खेळ बहुधा वगळलेले असतात.

निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अल्पाइन अंदाज आणि रिसॉर्टचे थेट कॅमेरे पाहा. फोटो जुने असू शकतात, कॅमेरा आत्ताचं दाखवतो. वादळाचा इशारा असेल तर एक दिवस कूमाला थांबून घ्या. शार्लट पासला २९ जून १९९४ ला उणे २३ अंश नोंदले गेले होते, या देशातलं ते सगळ्यात कमी तापमान. ऑस्ट्रेलियात कसली एवढी थंडी, असं मनात असेल तर हा आकडा जवळ ठेवा. टोबोगन फक्त आखलेल्या जागेतच, झाडं आणि रस्ता यांच्यापासून दूर, आणि पाय पुढे ठेवूनच. मुलांचा आग्रह असतो डोकं पुढे करून जायचा. नाही म्हणजे नाही म्हणायचं.

परत आल्यावर चेन विकतच्या असतील तर गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यापर्यंत गंजून एकमेकींत अडकतात. आमच्या चेन आणि मुलीची लहान झालेली जॅकेटं आता दर जुलैत कुणा ना कुणाच्या गाडीतून डोंगरात जाऊन येतात. गेल्या वर्षी त्या परत आल्या तेव्हा पिशवीत एक चिठ्ठी होती, लहान मुलाच्या अक्षरातली : "काकू-काका, बर्फ खरंच होता."